नागिओसची चेक कमांड: आधी हाताने चालवा, मग फाइलमध्ये लिहा

सकाळी सव्वाअकराला शाखेतून फोन आला. "सर, तुमच्या स्क्रीनवर आमचा सर्व्हर कसा दिसतोय?"

मी बघितलं. "हिरवा आहे की."

"हिरवा कसला? साडेदहापासून एक पावती निघालेली नाही. रांग पार जिन्यापर्यंत गेलीय."

चूक सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे नागिओसची, नव्हती, माझी होती. त्या सर्व्हरला मी दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होतो: पिंगला उत्तर देतोस का? आणि तो इमानेइतबारे देत होता. पिंगला, म्हणजे "आहेस का?" एवढंच विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर देतं ते ऑपरेटिंग सिस्टिम. वर चालणारा प्रोग्राम कधीचा लटकला होता, आणि त्याच्याबद्दल मी काही विचारलंच नव्हतं. सर्व्हर जागा होता, फक्त कामावर नव्हता.

चेक कमांड म्हणजे हा प्रश्न. तो कसा लिहायचा, कुठे लिहायचा आणि लिहिल्यावर नीट पोहोचतोय की नाही हे कसं बघायचं, ते पहिल्यांदाच मॉनिटरिंगला हात घालणाऱ्यांसाठी सांगतो. उदाहरणं नागिओस कोअरची आहेत. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ते नेटसेंट या नावाने काढलं आणि २००२ मध्ये त्याचं नाव नागिओस झालं. २००९ मध्ये त्याच्यातून फुटून निघालेलं आयसिंगा वापरत असाल तर दुसऱ्या आवृत्तीपासून फाइल लिहायची भाषा बदलली आहे, पण प्लगइन तेच चालतात. त्यामुळे निम्मा लेख तुमच्याही कामाचा आहे.

एक सोय आधी सांगून ठेवतो. लेख देवनागरीत असल्यामुळे कमांड, फाइल आणि फोल्डरची नावंही देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती मूळ इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी अंकांनी टाइप करायची. डॉलर, उद्गारचिन्ह, खालची रेघ ही चिन्हं मात्र दिली आहेत तिथेच ठेवायची. अक्षर मोठं की लहान याने अर्थ बदलतो, म्हणून तेही जागोजागी सांगितलं आहे.

नागिओस स्वतः काहीच तपासत नाही

नवीन माणसाचा इथेच घोळ होतो. नागिओसला पिंग करता येत नाही, डिस्क मोजता येत नाही, वेबसाइट उघडता येत नाही. त्याला येतं ते एवढंच: ठरलेल्या वेळी एक छोटा प्रोग्राम चालवायचा, तो काय सांगतो ते ऐकायचं आणि गरज पडली तर कोणाला तरी उठवायचं. तो छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. सोर्सवरून इन्स्टॉल केलं असेल तर सगळे प्लगइन /यूएसआर/लोकल/नागिओस/लिबएक्झेक या फोल्डरमध्ये असतात. डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून घेतलं असेल तर /यूएसआर/लिब/नागिओस/प्लगइन्स मध्ये बघा.

प्लगइन दोन गोष्टी परत देतो. एक ओळभर मजकूर आणि एक आकडा. आकड्याचा अर्थ असा:

० म्हणजे ओके
१ म्हणजे वॉर्निंग
२ म्हणजे क्रिटिकल
३ म्हणजे अननोन, अर्थात तपासताच आलं नाही

नागिओस निर्णय घेतो तो या आकड्यावरूनच. मजकूर माणसाने वाचायचा. प्लगइनने "सगळं उत्तम" असं छापून आकडा २ दिला तर सर्व्हिस, म्हणजे त्या मशीनवरची तपासायची ती गोष्ट, लालच होणार. मजकुरात उभी रेघ असेल तर तिच्या उजवीकडचा भाग आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी असतो. सुरुवातीला त्याच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं.

पहिली पायरी: प्लगइन हाताने चालवा

कॉन्फिगरेशनची फाइल अजून उघडायची नाही. टर्मिनल उघडा आणि हे टाइप करा:

सुडो -यू नागिओस /यूएसआर/लोकल/नागिओस/लिबएक्झेक/चेक_पिंग -एच १९२.१६८.१०.१ -डब्ल्यू १००.०,२०% -सी ५००.०,६०% -पी ५

इथे फक्त एच मोठा, बाकीची सगळी अक्षरं लहान. मोठा एच म्हणजे कोणाला विचारायचं तो पत्ता. लहान एच टाकलात तर मदतीचं पान उघडेल. डब्ल्यू ही वॉर्निंगची मर्यादा, सी ही क्रिटिकलची, आणि पी म्हणजे किती पॅकेट, म्हणजे पिंगचे संदेश, पाठवायची. १००.०,२०% या जोडीतला पहिला आकडा जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचा, मिलिसेकंदात. दुसरा हरवलेल्या पॅकेटचा. दोन्हींपैकी एकानेही मर्यादा ओलांडली की रंग बदलतो.

उत्तर साधारण असं येईल:

पिंग ओके - पॅकेट लॉस = ०%, आरटीए = २३.४१ एमएस

यातला आरटीए म्हणजे जाऊन-येऊन लागलेला सरासरी वेळ. त्यानंतर लगेच, मध्ये दुसरी कोणतीही कमांड न चालवता, इको $? टाइप करा. प्लगइनने दिलेला आकडा त्याने दिसतो. ० आला पाहिजे. आता मुद्दाम पत्ता बदलून नेटवर्कवर नसलेला द्या, परत इको $? करा आणि २ येतो का बघा. हे दोन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुरुवातीचं सुडो -यू नागिओस गाळावंसं वाटतं, कारण रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युझरने, चालवलं की सगळंच चालतं. म्हणूनच तर ते गाळायचं नाही. नागिओस ज्या युझरच्या नावाने चालतो त्याच युझरने तपासायचं. मी एकदा एक लॉग फाइल वाचणारा प्लगइन रूटने तपासला, खूश होऊन फाइलमध्ये लिहिला आणि अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो. ती फाइल वाचायची परवानगी फक्त रूटला होती. काही प्लगइन मागच्या वेळची नोंद एका छोट्या फाइलमध्ये ठेवतात. पहिल्यांदा रूटने चालवलं की ती फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते आणि मग बिचाऱ्या नागिओसला तिच्यात लिहिता येत नाही. हा दुसरा फटका जास्त वाईट, कारण चूक केल्यावर बऱ्याच वेळाने कळते.

कोणत्याही प्लगइनला --हेल्प दिलं की त्याचे सगळे पर्याय दिसतात. इंटरनेटवरून उचललेल्या ओळीपेक्षा तुमच्या मशीनवरचं हे पान खरं, कारण आवृत्तीनुसार पर्याय बदलतात.

दुसरी पायरी: कमांडची व्याख्या

हाताने चाललेली ओळ आता साच्यात बसवायची. नागिओसबरोबर ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये कमांड्स.सीएफजी नावाची तयार फाइल येते आणि चेक_पिंग, चेक_एसएसएच, चेक_एचटीटीपी अशा नेहमीच्या कमांड तिच्यात आधीच असतात. तिला हात न लावलेला बरा. स्वतःच्या कमांडसाठी वेगळं फोल्डर करा, मुख्य नागिओस.सीएफजी मध्ये त्याची ओळ टाका:

सीएफजी_डीआयआर=/यूएसआर/लोकल/नागिओस/ईटीसी/शाखा

आणि त्या फोल्डरमध्ये .सीएफजी ने संपणारी फाइल ठेवा. शेवट दुसरा काही असेल तर नागिओस ती फाइल वाचतच नाही, आणि वाचली नाही म्हणून सांगतही नाही. फाइलमध्ये:

डिफाइन कमांड {
    कमांड_नेम    शाखा_पिंग
    कमांड_लाइन   $यूजर१$/चेक_पिंग -एच $होस्टॲड्रेस$ -डब्ल्यू $आर्ग१$ -सी $आर्ग२$ -पी ५
}

नाव मुद्दाम चेक_पिंग ठेवलं नाही. त्या नावाची कमांड आधीच आहे, आणि एका नावाच्या दोन कमांड झाल्या की कोणती चालतेय ते शोधण्यात वेळ जातो.

हाताने लिहिलेली ओळ शेजारी ठेवून बघा. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये जे जे आहे ते मॅक्रो, म्हणजे रिकाम्या जागा. आपण फॉर्ममध्ये "नाव ______" भरतो, तसं. चालवायच्या क्षणी नागिओस त्या जागा भरतो. मॅक्रोंची नावं सगळी मोठ्या अक्षरांत लिहायची.

होस्टॲड्रेस भरला जातो होस्टच्या, म्हणजे ज्या मशीनवर लक्ष ठेवायचं तिच्या, व्याख्येतल्या ॲड्रेस या ओळीतून. यूजर१ म्हणजे प्लगइनच्या फोल्डरचा पत्ता, तो रिसोर्स.सीएफजी या फाइलमध्ये लिहिलेला असतो. डेटाबेसचा पासवर्ड वगैरे द्यायचा असेल तर तोही त्याच फाइलमध्ये यूजर२, यूजर३ असा ठेवा आणि त्या फाइलची परवानगी नागिओसपुरती करा. कमांडच्या ओळीत सरळ पासवर्ड लिहिलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, आणि त्या फाइली ईमेलने फिरतानाही पाहिल्या आहेत. आर्ग१, आर्ग२ या जागा सर्व्हिस भरते. अशा ३२ जागा मिळतात. सहाच्या पुढे जायची वेळ आली तर एका कमांडच्या दोन करा.

दोन चिन्हांपासून जपून. अर्धविराम आला की त्याच्या पुढचं सगळं नागिओस शेरा समजून सोडून देतो. अर्धविराम खरोखर हवाच असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. आणि डॉलर हे चिन्ह जसंच्या तसं हवं असेल तर दोनदा लिहायचं.

तिसरी पायरी: सर्व्हिसला कमांड जोडा

डिफाइन सर्व्हिस {
    यूज                  जेनेरिक-सर्व्हिस
    होस्ट_नेम            शाखा३-राउटर
    सर्व्हिस_डिस्क्रिप्शन   लाइन
    चेक_कमांड            शाखा_पिंग!१००.०,२०%!५००.०,६०%
}

हे उद्गारचिन्ह आश्चर्याचं नाही, कुंपणाचं आहे. पहिल्या कुंपणाच्या आधी कमांडचं नाव, त्यानंतरचा तुकडा आर्ग१, पुढचा आर्ग२. तुकड्यांना स्वतःचं नाव नसतं, फक्त क्रम असतो. वॉर्निंग आणि क्रिटिकलची अदलाबदल झाली तर नागिओस काही बोलणार नाही. प्लगइन शहाणा असेल तर तो बोलेल. पासवर्डमध्येच उद्गारचिन्ह असेल तर त्याच्याही आधी उलटी तिरकी रेघ. तुकड्यात जागा सुटलेली असेल, जसं "शिल्लक रक्कम", तर कमांडच्या ओळीत आर्गच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं हवीत. नाहीतर प्लगइनला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

सर्व्हिसने दोनच तुकडे दिले आणि कमांडमध्ये आर्ग३ असेल तर ती जागा रिकामी राहते. एरर येत नाही. -पी च्या पुढे काहीच नाही अशी ओळ प्लगइनकडे जाते आणि तो वापर कसा करायचा ते छापून अननोन देतो. स्क्रीनवर नारिंगी पट्टीत प्लगइनच्या मदतीचा मजकूर दिसला तर आधी तुकडे मोजा.

जागा भरल्यावर ओळ नेमकी कशी होते हे बघायची सोय नागिओसच्या वेब पानावरच आहे. कॉन्फिगरेशन विभागात कमांड एक्स्पान्शन निवडा. तिथे चेक_कमांडची ओळ दिली की कोणत्या जागी काय बसलं ते उलगडून दाखवतं. फार कमी लोक तिकडे फिरकतात.

चौथी पायरी: फाइल तपासा, मग रीलोड

/यूएसआर/लोकल/नागिओस/बिन/नागिओस -व्ही /यूएसआर/लोकल/नागिओस/ईटीसी/नागिओस.सीएफजी

व्ही लहान. शेवटी टोटल वॉर्निंग्ज आणि टोटल एरर्स अशा दोन ओळी येतात. दोन्हीकडे ० असेल तरच सिस्टिमसीटीएल रीलोड नागिओस. एरर असेल तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर खरी चूक बहुधा दाखवलेल्या ओळीच्या वर असते.

या तपासणीला व्याकरण कळतं, अर्थ नाही. कमांड अस्तित्वात आहे का हे ती बघते. प्लगइन त्या जागी आहे का, मर्यादा शहाणपणाच्या आहेत का, हे तिच्या गावीही नसतं. रीलोड झाल्यावर वेब पानावर त्या सर्व्हिसवर जाऊन पुढची तपासणी आत्ताच करायला सांगा आणि मजकूर वाचा. पहिल्या पायरीला हाताने आलेला मजकूर आणि हा मजकूर सारखाच दिसला पाहिजे.

मर्यादा ठरवताना होणाऱ्या गमती

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला डिस्कची तपासणी लावायला सांगितली. दुपारी तो गोरामोरा होऊन आला. "सर, सगळ्याच सर्व्हरच्या डिस्क भरल्यात." स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल. एकही डिस्क भरलेली नव्हती. त्याने लिहिलं होतं:

चेक_डिस्क -डब्ल्यू ८०% -सी ९०% -पी /

८० टक्के भरली की सावध कर, ९० टक्के भरली की ओरड, असा त्याचा हिशोब. कोणीही असाच करेल. पण चेक_डिस्क मोजतो ती मोकळी जागा. त्याला ऐकू आलं ते असं: ९० टक्क्यांपेक्षा कमी जागा मोकळी असेल तर क्रिटिकल. वापरात असलेली कोणती डिस्क ९० टक्के मोकळी असते? बरोबर ओळ -डब्ल्यू २०% -सी १०% अशी. टक्क्याचं चिन्ह विसरलात तर तोच आकडा मेगाबाइटचा होतो. मग एक टेराबाइटच्या डिस्कवर २० मेगाबाइट उरेपर्यंत नागिओस स्वस्थ बसतो. लाल होणारी चूक परवडली, कारण ती निदान दिसते. ही हिरवी राहते.

बऱ्याच प्लगइनमध्ये मर्यादा एका ठरलेल्या पद्धतीने लिहिता येते, ती एकदा समजून घ्या. नुसतं १० म्हणजे मूल्य ० ते १० च्या बाहेर गेलं की इशारा. १० च्या पुढे अपूर्णविराम, म्हणजे १०: असं लिहिलं तर १० पेक्षा कमी झालं की इशारा. १०:२० म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर गेलं की, आणि त्याआधी ॲट हे चिन्ह लावून @१०:२० लिहिलं तर उलट, पट्ट्याच्या आत आलं की. ०:३५ हे सर्व्हर रूमच्या तापमानाला चालेल. चालू प्रोसेस किमान एक असावी असं हवं असेल तर १: लिहायचं. चेक_पिंग आणि चेक_डिस्क यांची पद्धत स्वतःची आहे हे वर आलंच.

लोडच्या, म्हणजे प्रोसेसरवर किती काम साचलंय त्याच्या, तपासणीत एकेका मर्यादेला तीन आकडे लागतात: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. लहान आर हा पर्याय लावला की लोडला प्रोसेसरच्या संख्येने भागलं जातं, त्यामुळे चार कोअरच्या आणि चोवीस कोअरच्या मशीनला एकच मर्यादा चालते. तो लावाच.

आणि आकडे कुठून आणायचे? दुसऱ्याच्या फाइलमधून नक्कीच नाही. शहरातल्या शाखेची लाइन ८ मिलिसेकंदात उत्तर देते, डोंगरापलीकडची वायरलेसवरची १८० मध्ये. दोघींना १०० ची मर्यादा लावली तर एक कायम पिवळी राहते, आणि कायम पिवळ्याकडे दोन दिवसांनी कोणी बघत नाही. आठवडाभर मर्यादा ढिली ठेवून नुसती नोंद घ्या. नेहमीचं मूल्य किती, गर्दीच्या वेळी किती होतं ते बघा आणि मग आवळा.

पिंगच्या पुढचा प्रश्न

आता त्या रांगेकडे परत. काउंटरवरची पावती वेब प्रोग्राममधून निघते, तर विचारायचं त्यालाच. चेक_एचटीटीपी ला मोठा एच ने नाव, लहान यू ने पानाचा पत्ता आणि लहान एस ने त्या पानावर दिसलाच पाहिजे असा शब्द देता येतो:

$यूजर१$/चेक_एचटीटीपी -एच $होस्टॲड्रेस$ -यू $आर्ग१$ -एस "$आर्ग२$" -एफ फॉलो

एसचं मोल मोठं. डेटाबेस पडला तरी काही प्रोग्राम "तांत्रिक अडचण आहे" असं सुबक पान दाखवतात आणि सर्व्हर त्या पानाला २०० हा यशाचा कोड देतो. नुसता कोड बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. म्हणून शब्द असा निवडा की जो डेटाबेसमधून माहिती आल्याशिवाय पानावर येऊच शकत नाही. आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून एक छोटं पान करून घेतलं: ते डेटाबेसमधून आजची कामकाजाची तारीख वाचतं आणि शेवटी एक ठरलेला शब्द छापतं. चार ओळींचं काम होतं. त्याच्यामागे मी तीन आठवडे लागलो होतो.

-एफ फॉलो (एफ लहान) कशाला? पान दुसरीकडे वळवलं जात असेल तर चेक_एचटीटीपी मुळात वळण दिसलं की तिथेच ओके म्हणून थांबतो. वळून गेल्यावर पुढे काय आहे ते बघत नाही. फॉलो म्हटलं की बघतो.

साइट एचटीटीपीएसवर असेल तर मोठा एस जोडा. एकाच पत्त्यावर अनेक साइट असतील तर --एसएनआय सुद्धा, नाहीतर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येतं. सर्टिफिकेटची मुदत तपासायला मोठा सी: -सी ३०,१४ म्हणजे ३० दिवस उरले की पिवळं, १४ उरले की लाल. या पर्यायाबरोबर पानाचा मजकूर तपासला जाईल असं धरून चालू नका. सर्टिफिकेटची सर्व्हिस वेगळी, मजकुराची वेगळी.

दूरच्या मशीनच्या पोटातलं

डिस्क किंवा लोड बाहेरून दिसत नाही. त्या मशीनवर कोणीतरी आपला माणूस लागतो, तो म्हणजे एनआरपीई नावाचा छोटा प्रोग्राम. तो ५६६६ या पोर्टवर बसतो. त्या मशीनच्या एनआरपीई.सीएफजी मध्ये खरी ओळ लिहायची:

कमांड[रूट_डिस्क]=/यूएसआर/लोकल/नागिओस/लिबएक्झेक/चेक_डिस्क -डब्ल्यू २०% -सी १०% -पी /

आणि नागिओसच्या बाजूला फक्त नाव घेऊन हाक मारायची:

$यूजर१$/चेक_एनआरपीई -एच $होस्टॲड्रेस$ -सी $आर्ग१$

इथला सी लहान, आणि त्याचा क्रिटिकलशी संबंध नाही. तो कमांडचा सी. सर्व्हिसमध्ये चेक_एनआरपीई!रूट_डिस्क. म्हणजे मर्यादा त्या मशीनवर राहतात आणि बदलायला तिथे जावं लागतं. मर्यादा इथूनच पाठवता याव्यात म्हणून डोंट_ब्लेम_एनआरपीई नावाचा पर्याय १ करायचा सल्ला इंटरनेटवर सापडेल. पर्यायाचं नावच सांगतंय, मला दोष देऊ नका. ० च राहू द्या.

एसएसएल हँडशेकची (सुरक्षित जोडणी जुळत नसल्याची) तक्रार आली तर सर्टिफिकेट शोधत बसण्याआधी त्या मशीनवरच्या अलाउड_होस्ट्स या ओळीत नागिओसचा पत्ता आहे का बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तोच नसतो. पत्ता घातल्यावर एनआरपीई रीस्टार्ट करायला विसरू नका.

किती वेळाने कळणार

हे एकदा कागदावर मांडा, नाहीतर साहेबांना भलतं आश्वासन द्याल. समजा चेक_इंटरव्हल ५, रीट्राय_इंटरव्हल १ आणि मॅक्स_चेक_अटेम्प्ट्स ४ आहे. एकक मुळात मिनिटाचं असतं. तपासणी होऊन गेल्यावर पुढच्याच क्षणी सर्व्हिस पडली तर पहिलं अपयश पाच मिनिटांनी दिसतं. त्याला नागिओस कच्चं अपयश मानतो. मग मिनिटामिनिटाने आणखी तीनदा विचारतो आणि चौथ्यांदाही नकार आला की ते पक्कं होतं आणि मेसेज जातो. एकूण आठ मिनिटं. काउंटरसाठी मी हे २, १, ३ केलं, म्हणजे जास्तीत जास्त चार मिनिटं. बॅकअपच्या तपासणीला तासाला एकदा पुरतं.

काही नेहमीच्या तक्रारी

रिटर्न कोड १२७ इज आउट ऑफ बाउंड्स: प्लगइन त्या जागी नाही. यूजर१ चा पत्ता किंवा नावाचं स्पेलिंग.

१२६: प्लगइन आहे, पण चालवायची परवानगी नाही. नुकत्याच डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टवर हमखास.

नो आउटपुट ऑन एसटीडीआउट: प्लगइन काही न बोलता मेला. सुडो -यू नागिओस ने हाताने चालवा, कारण समोर येईल.

सर्व्हिस चेक टाइम्ड आउट: नागिओसने वाट बघून प्लगइन मारला. सर्व्हिस_चेक_टाइमआउट ६० सेकंद असेल तर प्लगइनला लहान टी ने त्यापेक्षा कमी मुदत द्या, म्हणजे तो मारला जाण्याआधी स्वतःच कारण सांगून थांबेल.

बॅकअप, आणि शेवटची पायरी

रोज रात्री दोनला आमचा बॅकअप एका फाइलमध्ये पडतो. फाइल ताजी आहे का हे बघायला चेक_फाइल_एज आहे. तो सेकंदात मोजतो. मी २६ तास आणि ३० तास अशी मर्यादा ठेवली (पर्यायांची अक्षरं लहान):

$यूजर१$/चेक_फाइल_एज -डब्ल्यू ९३६०० -सी १०८००० -एफ $आर्ग१$

महिनाभर हिरवं. मग एकदा सहज फोल्डर उघडलं तर मागच्या नऊ दिवसांच्या फाइली ० बाइटच्या. बॅकअपच्या डेटाबेस युझरचा पासवर्ड बदलला गेला होता. स्क्रिप्ट रोज वेळेवर चालत होती आणि रोज रिकामी फाइल बनवत होती. फाइल ताजी आहे का असं विचारलं होतं, आणि ती होती. मोठा सी लावून किमान आकार बाइटमध्ये दिला तेव्हा ते भोक बुजलं.

तेव्हापासून नवीन चेक कमांड लावली की ती जे पकडायला लावली आहे ते मी एकदा घडवून बघतो. चाचणीच्या सर्व्हरवर, नाहीतर संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर शाखेला आधी सांगून. सर्व्हिस थांबवायची, घड्याळ लावून बसायचं, स्क्रीन लाल होते का, मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो आणि किती मिनिटांनी, ते वहीत लिहायचं, मग सर्व्हिस सुरू करून परत हिरवं होईपर्यंत थांबायचं. बॅकअपसाठी एक रिकामी फाइल त्या नावाने ठेवून दिली की झालं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा स्क्रीन वेळेवर लाल झाली, पण मेसेज कोणालाच आला नाही. संपर्काच्या फाइलमध्ये सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर होता.